दोन रेघा पाहून मी केलेला फोन

फौजेत एकवीस वर्षं मी रक्त तपासलं आणि निवृत्तीनंतर सांगलीत आणखी एकोणीस वर्षं. मधली सुट्टी तीन महिन्यांची. तीही बायकोनं संपवली. "घरात बसून माझ्या आमटीत मीठ किती ते तपासत बसू नका, बाहेर कायतरी बघा," म्हणाली. मग एका दवाखान्याखालच्या दोन खोल्यांत मी लॅब टाकली. संध्याकाळी पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर यायचे, सूक्ष्मदर्शकाखाली काचा बघायचे, सह्या करायचे. दिवसभराचा कारभार माझा. सुई टोचलेली कळत नाही अशी माझी ख्याती होती आणि तिचा मला गर्वही होता. कुणी रिपोर्टावर शंका घेतली की मी चष्मा कपाळावर चढवून म्हणायचो, "माणूस खोटं बोलंल, रक्त खोटं बोलत न्हाई."

आमच्या धंद्याचा एक नियम आहे. रिपोर्ट पेशंटच्या हातात द्यायचा, नाहीतर त्याच्या डॉक्टरच्या. तिसऱ्याला नाही. सुनेचा रिपोर्ट मागायला आलेल्या सासऱ्यांना मी पायरीवरून परत पाठवलंय. चाळीस वर्षांत हा नियम मी एकदाच मोडला, आणि तो माझ्याच भाचीच्या बाबतीत. ते सांगण्यासाठी हे लिहितोय. नावं कुणाचीच घालत नाही, कारण भाचीची तशी अट आहे. "मामा, गावानं माझं नाव आधीच भरपूर घेतलंय," ती म्हणाली. "आता जरा इश्रांती द्या त्याला."

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी. बहिणीचं घर साताऱ्याकडं, वाईच्या अलीकडच्या एका गावात. मेहुणे लवकर गेले, त्यामुळं भाचीच्या शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून सही असायची ती माझी. पोरगी हुशार निघाली. शिरवळला औषधाच्या बाटल्यांची झाकणं करणाऱ्या कंपनीत तिला नोकरी लागली, तपासणी विभागात. झाकण नीट बसतं का, गळतं का, ते बघायचं. "आपलं काम एकच हाय मामा," ती म्हणायची. "तुमी माणसं तपासता, मी बुचं."

ती तेवीस वर्षांची झाली तेव्हा तिच्यासाठी स्थळ आणलं तेही मीच. जत तालुक्यातला माझा एक दोस्त आहे. फौजेत आम्ही एकाच हॉस्पिटलात होतो. तो वॉर्डात, मी लॅबमध्ये. त्याचा मुलगा मिरजेला रेल्वेत. मुलानं मुलीला बघितलं, मुलीनं मुलाला, दोघंही हसली. सुपारी फुटली. साखरपुड्याला पंधरा दिवस राहिले होते आणि भाची दोन दिवसांची रजा टाकून आमच्याकडं सांगलीला आली.

आल्या आल्या बायकोला म्हणाली, "मामी, जीन्सचं बटन लागंना झालंय. तुमच्या हातचं खायच्या आदीच ही तऱ्हा."

"पोट कुटं, चेहरा बघ तुजा. हळद लावल्यागत पिवळी झालीस. सकाळी मामाकडं रक्त दे."

रात्री जेवताना ती दोन घासांतच पोट भरलं म्हणाली. बायकोनं मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन सांगितलं की पोरीची पाळीही दोन महिने मागंपुढं आहे. "शिफ्टमुळं आसंल," असं तीच वर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रक्त घेतलं, लघवीही घेतली. हिमोग्लोबिन थोडं कमी होतं, बाकी ठीक. लघवी उरली होती आणि फळीवर गरोदरपणाच्या पट्ट्यांचा डबा होता. कुठल्या डॉक्टरनं ती तपासणी सांगितली नव्हती. पोरीलाही मी विचारलं नव्हतं. माझा हात डब्याकडं गेला. हाताची सवय, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. सवय नव्हती. संशय होता.

पट्टीवर एक रेघ उठली. मग तिच्या शेजारी दुसरी. पहिलीइतकी ठळक नव्हती, पण होती.

दाराच्या फटीतून मला ती बाकावर बसलेली दिसत होती. मांडीवर भडंगाचा कागद. साखर तपासायला आलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला सांगत होती, "आजोबा, उपाशीपोटी आलाय न्हवं? मग भडंगाकडं आसं बगू नगा, नुसतं बगून बी साखर वाडती." म्हातारा हसत होता. मी पट्टी कचऱ्यात टाकली, तिच्या हातात हिमोग्लोबिनचा कागद दिला, लोहाच्या गोळ्या घे म्हणालो आणि तिला साताऱ्याच्या एसटीत बसवून आलो.

दुसरी पट्टी लावून बघायला हवी होती. तिला विचारायला हवं होतं. निदान सोनोग्राफीला पाठवायला हवं होतं. लॅबमध्ये चार दिवस झाडू मारणाऱ्यालाही हे सुचलं असतं. मला त्या दुपारी सुचलं ते एकच: उद्या दोस्त म्हणेल, तू लॅबवाला, तुला ठाऊक होतं आणि तरी माझ्या पोराच्या गळ्यात बांधलीस. मी त्याला फोन लावला.

"गड्या, साखरपुडा ऱ्हाऊ दे."

"का रं? हॉल मिळंना का? आमच्याकडं करू. टँकर सांगून ठिवतो, पाण्याची फिकीर करू नगंस."

"हॉलचं न्हाई."

"मग काय झालं? बोल की. फौजी फौजीला कवापासनं लपवायला लागला?"

मी बोललो. "पोरीचं पाऊल घसरलंय" हे माझे शब्द. पलीकडं त्यानं ओरडणाऱ्या मेंढरांना हाकललं. मग तो म्हणाला, "बरं झालं सांगितलास. कुणाला कळणार न्हाई." आणि फोन ठेवला.

लगेच मी बहिणीला फोन केला आणि सांगितलं की जतची माणसं मागं सरत्यात. कारण विचारलं तर म्हणालो, काही बोलत नाहीत. एका दुपारचे दोन फोन. पहिल्यानं भाचीची अब्रू गेली, दुसऱ्यानं दोस्ताची.

पुढच्या आठवड्यात कंपनीत काम करता करता भाचीच्या पोटात अशी कळ आली की मैत्रिणींनी तिला उचलून दवाखान्यात नेलं. बहीण तिला घेऊन सांगलीला आली. मी त्यांना एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडं घेऊन गेलो. खरं सांगतो, मी मान खाली घालून चाललो होतो. आता हे उघडं पडणार, बहिणीला तोंड कसं दाखवायचं, एवढंच डोक्यात. पोरगी वेदनेनं वाकली होती आणि मी लाजेनं.

सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी आधी भाचीला आणि बहिणीला आत घेतलं. मग मला एकट्याला बोलावलं, मी लॅबवाला म्हणून.

"लघवीची पट्टी लावली होती का कुणी?"

"मी लावली होती."

"दोन रेघा?"

"व्हय."

"आणि तुम्ही काय समजलात?"

बाईंनी पडदा माझ्याकडं वळवला. "हे गर्भाशय. रिकामं आहे. हे उजवं अंडाशय, आणि ही त्यावरची गाठ. नारळाएवढी. तरुण मुलींमध्ये अशा काही गाठी निघतात, त्या गरोदरपणातलं रसायन स्वतःच तयार करतात. पट्टी खोटं बोलली नाही. तिनं रसायन आहे एवढंच सांगितलं, मूल आहे असं ती म्हणालीच नव्हती. ते तुम्ही म्हणालात."

मी घाईघाईनं म्हणालो, "सीए एकशे पंचवीसला रक्त पाठवतो." अंडाशयाच्या कॅन्सरची शंका आली की सगळे डॉक्टर तेच लिहून द्यायचे, आणि त्या घाईत मला तेवढंच आठवलं.

"पाठवा," बाई म्हणाल्या. "पण पोरीचं वय बघा. ते मोठ्या वयाच्या बायकांत जास्त कामाचं. ह्या वयात ते पाळीच्या दिवसांत वाढतं, साध्या गाठीनं वाढतं, पोटातल्या क्षयानंसुद्धा वाढतं. आणि खरी गाठ असली तरी कधी कधी गप्प बसतं. हिच्यासाठी वेगळी तीन पाठवायची: एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच. तीही एकटी निकाल देत नाहीत. गाठ काढून तपासली की खरं कळेल. पण कुठं जायचं ती दिशा ती देतात."

ती तीन नावं मी तळहातावर लिहून घेतली, परीक्षेला बसलेल्या पोरासारखी. एवढ्या वर्षांच्या कामात मला ती माहीत नव्हती असं नाही. पण ती एका तेवीस वर्षांच्या मुलीच्या पोटाशी जोडायला हवी होती, तेव्हा मी तिच्या चारित्र्याशी जोडत बसलो.

गाठ वाईटच निघाली. पण बाईंनी पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं की ह्या जातीची गाठ औषधाला लवकर दबते, बहुतेक पोरी बऱ्या होतात. ऑपरेशनमध्ये एक अंडाशय काढलं, दुसरं आणि गर्भाशय ठेवलं. मग चार वेळा केमोचं औषध. दर वेळी रक्त मी काढायचो. भाची दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. "मामाची सुई गोड हाय," ती वॉर्डातल्या सिस्टरना सांगायची, आणि मी तिच्याकडं न बघता नळीवर तिचं नाव लिहायचो.

पण ती मजेत असायची, हे लिहिलंच पाहिजे. घरी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तिनं आलेख काढला होता. तीन रंगांचे स्केचपेन, तीन रेषा. पहिला आकडा आभाळात, दुसरा घाटाच्या निम्म्यावर, तिसरा पायथ्याला. "बगा मामा, पाचगणीवरनं वाईला उतरल्यागत झालंय. आता ब्रेक लावायचा न्हाई." केस गेले तेव्हा तिनं माझ्या शेजारी बसून माझ्या टकलाशेजारी आपलं डोकं लावून फोटो काढला आणि कंपनीतल्या मैत्रिणींना पाठवला. खाली लिहिलं, "ओळखा, मामा कोणता?" बायकोनं तिला तांदळाची पेज, मुगाचं कढण, राजगिऱ्याची लापशी, असं काय काय भरवलं. उलटी झाली तरी पोरगी म्हणायची, "मामी, चव दोन्ही बाजूंनी बरी हाय." बायको पदरात तोंड घालून हसायची आणि मग आत जाऊन रडायची.

तिसऱ्या केमोच्या वेळी माझा जतचा दोस्त हॉस्पिटलात आला. त्याला कुणीतरी आजाराचं सांगितलं होतं. हातात डाळिंबांची पिशवी. दारात उभा राहिला तो आत येईना. बहिणीनं त्याला बघितलं आणि उठली.

"कशाला आलाय? बगायला आलाय व्हय, मेली का जगली?"

"न्हाई ताई, पोरीला—"

"पोरीचं नाव काडू नगा! लगीन मोडलं ते मोडलं, वर बोंब बी तुमीच उठिवली. तुमच्या मंडळींनी कुनाच्या तरी लग्नात बसून सांगितलंय, पोरगी पोटुशी हाय म्हून. माज्या गावापातूर आलंय ते. जावा हितनं."

दोस्तानं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मी सलाईनच्या बाटलीकडं बघत होतो, थेंब मोजल्यासारखा. त्याला एक वाक्य पुरं होतं: "ताई, तुमच्या भावानंच सांगितलं." तो ते वाक्य बोलला नाही. डाळिंबं दाराशी ठेवली आणि गेला. बहिणीनं ती पिशवी शेजारच्या पेशंटला देऊन टाकली.

त्याच्या बायकोनं बोलून दाखवलं होतं हे खरं. पण तिला ते कुणामुळं कळलं, हे तो कधीच बोलला नाही. त्यानंतर तो मला दिवाळीला फोन करायचा, तब्येत विचारायचा, पावसाचं सांगायचा. ह्या विषयावर एक अक्षर नाही. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती.

पोरगी बरी झाली. पण बहिणीच्या गावात निराळंच चाललं होतं. ऑपरेशन झालं हे सगळ्यांना कळलं, आणि आधीच्या बातमीला हे ऑपरेशन कसं बसलं बघा: पोट पाडलं आणि आता कॅन्सरचं नाव सांगत्यात. केस गेलेले दिसत होते, तरी लोक म्हणायचे. एसटीच्या थांब्यावर बायका गप्प व्हायच्या. बहिणीनं हळदीकुंकवाला जाणं सोडलं. दोन स्थळं दारापर्यंत येऊन परत गेली. प्रत्येक वेळी बहीण जतच्या घराला बोल लावायची आणि मी मान डोलवायचो. एकदा तर मी म्हणालो, "आसत्यात आशी माणसं." हे वाक्य मला अजून ऐकू येतं. माझ्याच आवाजात.

भाचीनं शेवटी आपलं स्थळ आपणच बघितलं. तिच्याच कंपनीत मशीन दुरुस्त करणारा मुलगा. तिनं त्याला पहिल्याच दिवशी पोटावरची खूण, औषधं, आलेख, सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "वॉरंटी किती वर्षांची, तेवढं सांग." ती म्हणाली, "तुज्यापेक्षा जास्त." झालं, जमलं. लग्नात मामा म्हणून तिला मांडवात मीच घेऊन गेलो. सगळे म्हणाले, मामाचे डोळे भरून आलेत. आले होते.

मग दोन वर्षांमागं एका सकाळी तिचा फोन आला. आवाज बारीक. "मामा, पट्टीवर दोन रेघा आल्यात."

फोन कानाला तसाच धरून मी चपला शोधू लागलो. एवढी वर्षं रक्तात ते रसायन दिसलं नव्हतं. ते परत आलं म्हणजे गाठ परत आली, ह्यापलीकडं मला काही सुचेना. बायको ओरडत होती, "काय झालं, बोला की." बहीण तिकडनं, आम्ही इकडनं, सगळे साताऱ्याला धावलो. तिथल्या डॉक्टरांकडं सोनोग्राफीच्या खोलीबाहेर आम्ही चौघं बसलो होतो, जावई धरून, आणि कुणी कुणाकडं बघत नव्हतं. दार उघडलं. भाची बाहेर आली ती हसून हसून लाल.

"मामा, ह्या टायमाला भाडेकरू खरा हाय! काळजाचे ठोके बी ऐकले मी."

बहीण रडली, जावई माझ्याच पाया पडला, बायको म्हणाली, "मेल्यांनो, आनंदाची बातमी आशी देत्यात व्हय?" एका पोरीच्या पोटी मूल आहे म्हणून मी एकदा तिचं लग्न मोडलं होतं, आणि आता मूल आहे कळल्यावर पेढे आणायला पळत होतो. पेढेवाल्यानं किती देऊ विचारलं, मला सांगता येईना. त्या दिवशी सांगावं असं फार वाटलं. सांगितलं नाही. पेढ्यात मिठाचा खडा कशाला, अशी समजूत घातली मी स्वतःची.

मुलगी झाली. गोरीगोमटी, आणि डोक्यावर हे एवढं जावळ. वर्ष व्हायच्या आत बहिणीच्या गावी जावळ काढायचं ठरलं. आमच्याकडं बाळाला मामाच्या मांडीवर बसवून न्हावी पहिले केस काढतो. भाचीला भाऊ नाही. तिनं फोन केला, "मामा, माजे मामा तेच तिचे मामा. मांडी तयार ठिवा."

मी हो म्हणालो आणि दोन दिवस जेवलो नाही. त्या मांडीवर ते पोर घ्यायचं आणि गावासमोर बसायचं, ज्या गावात तिच्या आईच्या नावानं अजून कुजबूज होते, आणि ती कुजबूज माझी. बायकोनं ताट पुढं ओढलं आणि म्हणाली, "ते सांगून टाका एकदा." तिला मी कधीच काही सांगितलं नव्हतं. विचारलं, तुला कवा कळलं? म्हणाली, "दोस्त डाळिंबं ठिवून गेला तवा तुमी थेंब मोजत व्हता. मला काय डोळे न्हाईत?"

मी एकटा शिरवळला गेलो. भाची बाळाचे कपडे घड्या घालत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पट्टी, फोन, दुसरा फोन, हॉस्पिटलातली ती नजर. तिची घडी हातातच राहिली.

"दुसरी पट्टी लावून बगितली न्हवती?"

"न्हाई."

"मला इचारलं बी न्हाई."

"न्हाई."

"मामा, आमच्याकडं एक बूच नापास झालं ना, तर दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय अख्खा माल परत पाठवत न्हाईत. बूच! पाच पैशाचं बूच!" तिचा आवाज चढला, बाळ दचकून उठलं. तिनं त्याला उचललं आणि आत गेली. चहाही न घेता मी परत आलो. तो पहिला दिवस, मी तिच्या घरून चहाशिवाय आलो असा.

तीन दिवसांनी तिचा फोन आला. "मांडी तुमचीच लागणार हाय, दुसरा मामा कुटनं आणू? पन आदी दोन कामं करायची. आईला सांगायचं, आनि तिला घिऊन जतला जाऊन त्यांना आवतान द्यायचं. तुमी सोता." वर आणखी म्हणाली, "आनि लिहून काडा हे. पोरींना कळू दे की दोन रेघांचा आर्थ एकच नसतो. आनि मामांना बी कळू दे."

बहिणीला मी जतच्या वाटेवर गाडीतच सांगितलं. भित्रेपणा म्हणा, पण चालत्या गाडीतून उतरून ती जाऊ शकणार नव्हती. तिनं सगळं ऐकून घेतलं. कवठेमहांकाळ मागं पडलं. मग म्हणाली, "दादा, डाळिंबं मी शेजारनीला दिली रं." एवढंच.

दोस्त ओसरीवर बसला होता. आम्हाला दोघांना एकत्र उतरताना बघून उभा राहिला. मी पायरीशीच म्हणालो, "गड्या, हिला सांगितलं मी."

तो हसायला लागला. म्हातारा, दात पडलेले, पोटभर हसला. "अकरा वर्सं लागली व्हय रं तुला? मला वाटलं आता माज्या दहाव्यालाच सांगनार तू."

"तू का बोलला न्हाईस?" बहिणीनं विचारलं.

"ताई, त्यानं भरवशानं सांगितलं व्हतं. खोटं निघालं म्हून भरवसा मोडायचा का?" मग आतल्या दाराकडं बघून आवाज चढवला, "मोडायचा तेवडा हिनं मोडलाच की!"

त्याची बायको दाराआड उभी होती. बाहेर येऊन बहिणीसमोर आली. "लगीनघरात तोंड सुटलं माजं. भैनीला म्हून सांगितलं, तिनं जावंला सांगितलं. लय वाईट केलं मी." बहीण म्हणाली, "मी बी तुमच्या घराला कमी शिव्या दिल्या न्हाईत." त्यावर दोघी स्वयंपाकघरात गेल्या त्या दोन तास बाहेर आल्या नाहीत. ओसरीवर आम्हा दोघांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. दोस्त म्हणाला, "आता आपलं काय खरं न्हाई गड्या. ह्या दोगी एक झाल्या."

जावळाच्या दिवशी जतची सगळी मंडळी आली. दोस्ताच्या त्या मुलाचीही आता दोन पोरं आहेत, तो बायकोला घेऊन आला आणि भाचीनं तिला सगळं घर फिरवून दाखवलं. गाव लोटलं होतं. बाळाला माझ्या मांडीवर ठेवलं. न्हाव्यानं कात्री काढली तसं तिनं भोकाड पसरलं.

बहीण गेले पंधरा दिवस माझ्याशी बोलत नव्हती. मला वाटलं होतं, कार्य आटपलं की निवांत बसून तिची समजूत काढू. तेवढ्यात एसटीच्या थांब्यावर गप्प होणाऱ्यांतली एक म्हातारी बाळ बघायला वाकली आणि बहिणीला हळूच म्हणाली, "ऱ्हायलं की गं पोरीला. आमी म्हनत व्हतो, त्या टायमाला पोट पाडल्यावर आता काय ऱ्हातंय."

बहिणीनं पदर खोचला. "मावशी, पोट पाडलं न्हवतं. कॅन्सरची गाठ व्हती. गाठीच्या तपासनीत सगळं हाय, कागद दावते. आनि ते पोटुशी म्हून कुनी उठिवलं, ठावं हाय का?" एवढा आवाज की न्हाव्याची कात्री थांबली. "ह्यानं! ह्या माज्या सख्ख्या भावानं! लॅबवाला म्हनं! जतच्या मान्सांचा काय बी दोष न्हाई."

अख्खा मांडव माझ्याकडं वळला. दोस्त तोंडावर टोपी धरून हसत होता. बहीण तेवढ्यावर थांबली नाही. पुढच्या रांगेत गेली, तिथं सांगितलं. मग पंगतीत वाढता वाढता सांगितलं. उशिरा आलेल्यांना दारातच सांगितलं, म्हणजे कुणी राहायला नको. भाची माझ्यासमोर उभी होती, कडेवर रिकामं दुपटं घेऊन, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ हसू दाबत होते.

"मामा, उटून पळू नगा," ती म्हणाली.

पळतो कुठं. पोरगी मांडीवर होती आणि निम्मं डोकं व्हायचं होतं.